राष्ट्रपतींच्या घोडदळात माझी जात बसत नाही

प्रश्न : सुभेदार काका, मी शहादा तालुक्यातला. वय १९, बारावी झाली आहे. उंची सहा फूट एक इंच. आम्ही धनगर. वडील घोडे पाळतात, सारंगखेड्याच्या यात्रेत दरसाल आमचा एखादा घोडा असतोच. मी लहानपणापासून घोड्यावर बसतो, बिनखोगिराचाही. २६ जानेवारीला राष्ट्रपतींच्या पुढे-मागे लाल कोटातले घोडेस्वार दिसतात, त्यांच्यात जायचं हे कधीपासून डोक्यात आहे. अकॅडमीतले सर म्हणाले, तिथे फक्त जाट, राजपूत आणि जाट शीख घेतात, तू विसर. मला वाटलं चेष्टा करतायत. मामा म्हणतात, आपल्या भागात राजपूत पुष्कळ, दाखल्याचं बघू, कोणाला कळतंय. वडील म्हणतात, राजाच्या अंगरक्षकांत मोठ्या घराण्यातली माणसं असतात, आपण आपली पायरी ओळखावी. तरी अकॅडमीच्या फीसाठी तेच घोडी विकायला निघालेत. मी त्या जागेला लायक आहे का? दाखला काढू का? आणि घोडीचं काय करू? नाव छापू नका.

उत्तर : सरांनी तुझी चेष्टा केलेली नाही. राष्ट्रपती अंगरक्षक दलात, फौजेच्या बोलीत पीबीजीत, सवार म्हणून याच तीन वर्गांतली मुलं घेतात. सहा फूट उंची, चोख मेडिकल हे सगळं आहेच, पण त्याच्याही आधी हा रकाना आहे. हरियाणातला एक मुलगा बाकी सगळ्या मापांत बसत होता, याच रकान्यात अडला आणि दिल्ली उच्च न्यायालयात गेला. २०१८ च्या डिसेंबरात न्यायालयाने सरकारला नोटीस काढली होती. त्याच्याआधी २०१३ मध्ये हाच विषय सर्वोच्च न्यायालयातही आला होता. नियम जागचा हललेला नाही. पण हा प्रश्न पडलेला तू पहिला नाहीस.

आता लायकीचं. तुला घोड्यावर बसलेलं मी पाहिलेलं नाही, त्यामुळे उगाच पाठ थोपटणार नाही. मी तोफखान्यातला, घोडदळातला नव्हे. पण राष्ट्रपती भवनापुढचा गार्ड बदलीचा कार्यक्रम मी लक्ष देऊन पाहिलाय, आणि तिथे काय लागतं ते तुला सांगतो, कारण टीव्हीवर ते दिसत नाही. टीव्हीवर फेटे दिसतात, सोनेरी कमरबंद दिसतो, गुडघ्यापर्यंतचे बूट दिसतात. जवळून पाहिलं तर दिसतो तो घोड्याचा कान. बँड सुरू होतो, पितळी वाद्यं एकदम कडाडतात, शेपाचशे माणसं मोबाइल उंचावतात, आणि त्या सगळ्यात तो तांबडा घोडा जागच्या जागी उभा असतो. फक्त एक कान आवाजाकडे वळतो आणि परत पुढे येतो. सवाराच्या उजव्या हातात बांबूचा भाला, टोकाला लाल-पांढरी पताका. डाव्या हातात लगाम. मानेवर थाप मारायला हात मोकळा नाही, तोंडाने चुचकारायची सोय नाही. जे काही सांगायचं ते मांडीने आणि टाचेने, तेही बघणाऱ्याला कळता कामा नये.

तुमच्या सारंगखेड्यात घोडा हलगीवर नाचला की त्याची किंमत चढते. तिथे नाचला तर सवाराची खैर नाही. म्हणजे तू जे शिकला आहेस त्यातलं अर्धं तुला विसरावं लागेल. बिनखोगिराचं बसणं मात्र सोन्यासारखं आहे. ज्याची बैठक पक्की त्याला बाकीचं शिकवता येतं, रिकाब धरून बसणाऱ्याला शिकवणं अवघड. वडिलांच्या एखाद्या शांत घोड्याला भर बाजारात, लग्नाच्या बँडसमोर अर्धा तास न हलता उभा करून दाखव. जमलं तर लायकीचा अर्धा पेपर तू सोडवलास असं समज. उरलेला अर्धा बराकीतला. पीबीजी नुसती मिरवणुकीची पलटण नाही. तिथले सवार छत्रीधारी सैनिकही असतात, सियाचीनला जाऊन येतात, चिलखती गाड्या चालवतात. १९६२ च्या युद्धात चुशूलला पोहोचलेल्यांत ते होते. फोटोतल्या कोटावर भाळून जाणाऱ्याचा तिथे निभाव लागत नाही.

तर जागेला माणूस लायक आहे की नाही हे बघायची रीत ही अशी असते. आणि तुला घेणार नाहीत ते यातल्या कशावरूनही नाही. तू घोड्यांच्या बाजारात वाढला आहेस म्हणून तुझ्याच बाजारातलं सांगतो. गिऱ्हाईक घोड्याचे दात बघतं, पाय बघतं, चालवून बघतं, सगळं पसंत पडतं, आणि मग केसांतला भोवरा बघून दावं सोडून देतं. गळ्याला देवमण, म्हणजे शुभ मानलेला भोवरा, असेल तर लाखभर जास्त द्यायला तयार, आणि भोवरा भलत्या जागी निघाला तर तोच घोडा फुकट नको. घोडा तोच, चाल तीच. तुझ्या वडिलांनी असे घोडे परत आणले असतील. त्यांनी त्या घोड्याला नालायक म्हटलं का, एवढं त्यांना विचार.

फौजेची बाजूही ऐकून घे, कारण ती अगदीच पोकळ नाही. न्यायालयात लष्कराने सांगितलं की भरती जातीवर किंवा धर्मावर नाही, कामाच्या गरजेवर आहे. समारंभाच्या तुकडीत उंची, बांधा, चेहरामोहरा, पेहराव सारखा दिसायला हवा. शिवाय आपल्या फौजेत वर्गवार पलटणी आहेतच. बेळगावची मराठा लाइट इन्फंट्री आहे, शीख आहेत, डोगरा आहेत, गुरखा आहेत. एका भाषेची, एका मुलखाची पोरं खांद्याला खांदा लावून उभी राहिली की गावात काय तोंड दाखवायचं, या एका विचारावर माणूस खंदक सोडत नाही. हे मी ऐकीव सांगत नाही, पाहिलेलं सांगतोय. तेव्हा वर्गवार पलटण म्हणजे निव्वळ जातीयवाद असं म्हणणाऱ्यांच्यात मी नाही.

पण मराठा पलटणीत ज्याला जागा नाही त्याच्यासाठी दुसरी पलटण असते. राष्ट्रपतींचा अंगरक्षक होण्यासाठी दुसरी पलटण नाही. देशात एकच आहे, आणि तीही जेमतेम दोनशे सवारांची. आणि सारखं दिसण्याचं म्हणशील तर उंचीला टेप आहे, वजनाला काटा आहे, छातीला माप आहे. सहा फुटांखालचा नको, म्हणा. अमुक बांधा हवा, म्हणा. सहा फूट एक इंचाचा धनगर आणि सहा फूट एक इंचाचा राजपूत, दोघांना तोच फेटा आणि तोच कोट घालून चाळीस पावलांवर उभं केलं, तर कोण कोणता हे ओळखून दाखवणारा मला भेटायचाय.

राहता राहिली परंपरा. पीबीजीच्या बाबतीत हा शब्द फार जपून वापरावा लागतो, कारण या पलटणीचा इतिहास काढला तर परंपरेची फजिती होते. १७७३ साली वॉरन हेस्टिंग्जने बनारसला ही तुकडी उभी केली. पन्नास निवडक स्वार 'मुघल हॉर्स' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रिसाल्यातून घेतले, आणखी पन्नास बनारसच्या राजा चेतसिंगाने दिले. आज ती फौजेतली सर्वांत ज्येष्ठ रेजिमेंट मानली जाते. सुरुवातीला भरणा मुसलमानांचा होता. पुढे राजपूत आणि ब्राह्मण घेतले. मग काही काळ मद्रास इलाख्याच्या घोडदळातून माणसं आली. १८५७ चा उठाव झाला, इंग्रजांचा पुरबियांवरचा, म्हणजे अवध-बिहारकडच्या शिपायांवरचा, विश्वास उडाला आणि भरतीचा काटा पंजाबकडे झुकला. शीख आले, पंजाबी मुसलमान आले, आणि एकोणिसावं शतक संपता संपता ब्राह्मणांची आणि चक्क राजपुतांची भरती बंद झाली. आज ज्यांच्या नावाचा दाखला तुझा मामा शोधतोय त्यांनाच एकदा या दारातून परत पाठवलं होतं!

१९४७ ला फाळणीत बाकीच्या मालमत्तेसारखी ही पलटणही वाटली गेली, भारताला दोन वाटे आणि पाकिस्तानला एक. व्हाइसरॉयच्या सोनेरी बग्गीचे काही तुकडे करता येईनात, म्हणून नाणं उडवलं. भारताच्या बाजूने ठाकूर गोविंदसिंग, पाकिस्तानच्या बाजूने साहेबजादा याकूब खान. कौल आपल्याला लागला. प्रणव मुखर्जी २०१४ मध्ये बीटिंग रिट्रीटला ज्या बग्गीतून आले आणि २०२४ च्या प्रजासत्ताक दिनाला द्रौपदी मुर्मू ज्या बग्गीतून आल्या, ती हीच. मुसलमान सवार सीमेपलीकडे गेले आणि आजचा तीन वर्गांचा मेळ बसला तो त्यानंतर. म्हणजे अडीचशे वर्षांच्या पलटणीतली ही 'परंपरा' तुझ्या आजोबांच्या वयाची. दरवेळी कोणाला घ्यायचं ते त्या-त्या काळच्या सरकारने ठरवलं, कधी विश्वासावरून, कधी भीतीवरून. ठरवलेलं ते बदललंही. आता बदलता येत नाही असं म्हणायला कुठलाच आधार उरत नाही.

आणि एक गोष्ट मला राहून राहून खटकते. ज्यांचं रक्षण करायचं ते राष्ट्रपतिपद कोणालाही मिळू शकतं, आणि मिळालंही आहे. के. आर. नारायणन दलित घरातले, रामनाथ कोविंद दलित घरातले, द्रौपदी मुर्मू संथाळ आदिवासी. रायसिना टेकडीवरच्या त्या घरात त्या मालकीण म्हणून राहायला गेल्या, पण त्यांच्याच समाजातला एखादा उंचापुरा पोरगा त्यांच्या बग्गीशेजारी घोड्यावर दिसू शकत नाही. याचं समाधानकारक उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

आता वडिलांना काय सांगायचं ते. 'घराणं' त्यांनी मनाचं काढलेलं नाही. युरोपात राजाचे अंगरक्षक खानदानी असत, त्याचं मोठं कारण पैशाचं होतं. घोडा आपला, हत्यार आपलं, नोकर आपला, एवढं घेऊन यायची ऐपत जहागीरदाराच्या पोराचीच. आपल्याकडे शिलेदाराचं तेच, स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार. पण शिवाजी महाराजांच्या पागेत बारगीर होते. त्यांना घोडा सरकारचा मिळायचा. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, अशी उतरंड सभासदाच्या बखरीत दिली आहे, आणि शिलेदारांनाही पागेच्या हुकमतीत ठेवलं होतं असं तो लिहितो. म्हणजे घरचा घोडा बाळगणारा खाली आणि सरकारी घोड्यावरचा गरीब वर. हे ज्याने ठरवलं त्याला राज्य कोणाच्या जिवावर उभं करायचं ते बरोबर कळलेलं होतं. पीबीजीचा घोडाही सरकारचाच असतो, दाणापाणीही सरकारी. मग घराणं लागतं कशाला?

जिवा महालाचं नाव तू घेतलं नाहीस, पण कोणीतरी तुला ऐकवणारच. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' हे आपण भाषणात म्हणतो, टाळ्याही पडतात. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली सय्यद बंडाचा वार जिवाने अडवला, तो जातीने न्हावी. पण लोक एक विसरतात. महाराजांनी त्याला पराक्रम केल्यावर बक्षीस म्हणून अंगरक्षक केलं नाही. आधी निवडलं, हात बघून, आणि मग तो पराक्रम झाला. त्या दिवशी महाराजांसोबत जे दहा अंगरक्षक होते त्यांत सिद्दी इब्राहिमही होता. अफझलखानाच्या भेटीला जाताना एखादं घराणेदार नाव चुकीचं निवडलं असतं तर दुसरी संधी नव्हती. जीव पणाला लागतो तेव्हा शहाणा माणूस वंशावळ उघडून बसत नाही.

आणि वडिलांना तळोद्याची आठवण दे, तुमच्यापासून काही फार लांब नाही. होळ गावचा, लहानपणीच बाप गेलेला एक मुलगा तिथे मामाकडे वाढला, मेंढरं वळली, मग मामाच्या पथकात घोड्यावर बसला. तो मल्हारराव होळकर. पुढे माळवा कोणी सांभाळला आणि इंदूरची गादी कोणाची, हे धनगराच्या घरात मी सांगायचं म्हणजे आजीला शिंकायला शिकवण्यासारखं होईल. पायरी ओळखायचीच असेल तर हीसुद्धा आपल्याच घरातली पायरी आहे.

परदेशातलंही एक उदाहरण देतो. पोपच्या दरबारात बरीच वर्षं दोन वेगळी अंगरक्षक दलं होती. एक 'नोबल गार्ड', १८०१ साली स्थापलेलं, त्यात शिरायला खानदानी वंशावळ दाखवावी लागे. दुसरं स्विस गार्ड, १५०६ पासूनचं, त्यात स्वित्झर्लंडच्या साध्या घरांतली पोरं. ६ मे १५२७ ला रोम लुटलं गेलं तेव्हा पोपला निसटायला वाट मिळावी म्हणून या स्विस पोरांतली १४७ जागीच मेली. आजही नवे जवान शपथ घेतात ती एरवी ६ मे रोजीच. १९७० साली पोप सहावे पॉल यांनी नोबल गार्ड बरखास्त केलं, स्विस ठेवलं. त्यांच्याही अटी आहेतच: स्विस नागरिक हवा, कॅथलिक हवा, भरतीवेळी अविवाहित हवा, किमान १७४ सेंटिमीटर उंच हवा. पण बाप कोण, हा प्रश्न त्या यादीत नाही.

इथपर्यंत वाचून तुझं रक्त तापलं असेल, तर जरा थंड हो. नियम चुकीचा आहे, हे माझं मत झालं. त्यावर तू तुझी विशी जाळावीस का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचं माझं उत्तर नाही असं आहे.

आपल्याच महाराष्ट्रातलं बघ. १८५७ नंतर इंग्रजांनी 'लढवय्या जाती' आणि बिनलढवय्या जाती असं खूळ काढलं. लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती असताना ते पक्कं झालं, आणि पिढ्यान्‌पिढ्या मुंबई फौजेत लढलेल्या महारांची भरती १८९० च्या दशकात बंद झाली. पीबीजीची यादी पंजाबात आवळली गेली तीही त्याच काळात, त्याच डोक्यातून. निवृत्त सैनिक असलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये विनंतीअर्ज तयार केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळ्यांनी थेट लंडनला भारतमंत्र्याकडे अर्ज धाडला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडायला लागली तेव्हा, १९१७ मध्ये, १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, गरज सरो वैद्य मरो, १९२१ ला मोडली. पुन्हा दुसरं महायुद्ध, बाबासाहेबांचा रेटा, आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, ती आजही आहे. अर्ज बरोबरच होते, आणि त्यांच्यामुळेच दार उघडलं. पण वलंगकरांच्या अर्जाच्या वेळी जो एकोणीस वर्षांचा होता तो १९४१ ला सहासष्ट वर्षांचा म्हातारा झाला होता. अर्ज करणाऱ्याने पुढच्या पिढीसाठी करायचा असतो. अग्निवीर भरतीचं वय साडेसतराला सुरू होतं आणि विशीच्या सुरुवातीलाच दार लागतं, त्यामुळे तुझ्याकडे घालवायला वर्षं नाहीत. खासदाराला पत्र लिही, संरक्षण मंत्रालयाला लिही, माहितीचा अधिकार वापर, मुलं गोळा करून सह्या कर. पण हे सगळं रविवारी. सोमवार ते शनिवार ग्राउंड आणि पेपर.

दाखल्याबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण यात तोलून बघण्यासारखं काही नाहीच. खोटा दाखला काढायचा नाही. तुझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जात लिहिलेली आहे, भरतीत तो मूळ बघतात, पोलीस पडताळणी गावात येते आणि मामांना वाटतं तितकं गाव मुकं नसतं. भरतीच्या वेळी विचारलेल्याला जाणूनबुजून खोटं उत्तर दिलं तर आर्मी अ‍ॅक्टच्या ४४ व्या कलमाखाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, नोकरी जाते ती वेगळीच. आणि मामांना हेही सांग की महाराष्ट्रात पोलीस भरतीपासून तलाठ्यापर्यंत भज-क ला, म्हणजे भटक्या जमातींच्या धनगर गटाला, साडेतीन टक्के आरक्षण आहे, तो तुझा खरा हक्क. खोट्या राजपूत दाखल्यापायी खऱ्या धनगर दाखल्यावर संशय ओढवून घेणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. समजा, सगळ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकून तू आत शिरलास. मग रोज रात्री बराकीत गोत्र कोणतं, गाव कोणतं, सोयरीक कुठली यावर खोटं बोलत निजायचं, आणि तेही ज्या पलटणीत शेजारच्या खाटेवरच्याशी जीव अडकलेला असतो तिथे. मला तरी एक महिना जमलं नसतं.

मग करायचं काय? पहिलं नाव सांगतो ते तुझ्या डोक्यातही आलं नसेल. नागपूरजवळ कामठी. तिथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र आहे. १९४९ साली करिअप्पांनी ही रेजिमेंट उभी केली ती मुद्दाम, जातीचा-प्रांताचा रकाना काढून, सगळ्या वर्गांतली पोरं एकत्र घेऊन. फौजेतल्या चार जुन्या नामांकित पलटणी त्यासाठी एकत्र आणल्या. नाव गार्ड्स, पण काम राजवाड्याच्या दारात उभं राहण्याचं नाही, पायदळाचं. १९७१ ला गंगासागरच्या लढाईत परमवीर चक्र मिळवणारे लान्स नाईक अल्बर्ट एक्का १४ गार्ड्सचे. आजच्या झारखंडातले उराँव आदिवासी. पॅराशूट रेजिमेंटही अशीच सगळ्यांना खुली, फक्त तिथे अंगातलं पाणी काढतात.

राष्ट्रपती भवनाच्या अंगणातच उभं राहायचं असेल तर त्यालाही आडवाट आहे. तिथे घोडेस्वारांबरोबर पायदळाचीही समारंभी गार्ड असते आणि तिची पाळी वेगवेगळ्या रेजिमेंटच्या बटालियनांना आळीपाळीने मिळते. तुझ्या बटालियनची पाळी लागणं नशिबावर, पण जातीचा अडसर नाही. राष्ट्रपतींऐवजी पंतप्रधानांचं संरक्षण चालणार असेल तर एसपीजी, म्हणजे विशेष संरक्षण दल, वेगळं, ते १९८५ पासूनचं. तिथे थेट भरती नसते, सीआरपीएफ, बीएसएफसारख्या दलांतून निवडून घेतात.

घोडा सोडवत नसेल तर रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअर बघ. फौजेचे घोडे आणि खेचरं तेच पैदा करतात, घडवतात, औषधपाणी करतात. पीबीजीचा घोडा आधी त्यांच्या हातून जातो. जयपूरची ६१ वी कॅव्हलरी तुला माहीत असेल, पण तिथेही राजपूत, कायमखानी आणि मराठा असे वर्ग ठरलेले आहेत. तुझा अर्ज तिथे धरतील का ते अकॅडमीत नको, थेट भरती कार्यालयात विचार. एकूणच कोणतीही जाहिरात आली की पगाराच्या आधी 'वर्ग' हा रकाना वाचायची सवय लाव. २०२२ ला अग्निपथची घोषणा झाली तेव्हा त्यात 'अखिल भारतीय, सर्व वर्ग' असे शब्द होते, तरी जुन्या पलटणींचे वर्ग एका फटक्यात गेलेले नाहीत. आणि चार वर्षांनंतर पंचवीस टक्क्यांपर्यंतच पुढे कायम होतात हे वडिलांपासून लपवू नकोस.

सगळ्यात गमतीची वाट शेवटी ठेवलीय. पीबीजीतला वर्गाचा नियम सवारांना आहे. अधिकारी कोणत्याही प्रांतातला, कोणत्याही जातीचा येऊ शकतो. म्हणजे सवार म्हणून ज्याला दारातून परत पाठवतील, त्यालाच अधिकारी म्हणून त्या सवारांची सलामी घेता येईल. एनडीएचं वय तुझं निघून गेलं असेल किंवा निघतच आलं असेल, तारीख बघ. पण पदवी घेऊन सीडीएस, म्हणजे अधिकारी भरतीची परीक्षा, आहे, आणि फौजेत शिरल्यावर जवानातून अधिकारी होण्याच्या वाटाही आहेत. लांबचं काम आहे, इंग्रजी आणि सामान्य ज्ञान घासावं लागेल. सहा फूट एक इंच तिथे फारशी मदत करणार नाही.

घोडी विकू नका. भरतीच्या तयारीला लागतं ते मैदान, पहाटेची शिस्त, बीम मारायला एक आडवा दांडा आणि लेखी परीक्षेची पुस्तकं. शहाद्यात कोणी माजी सैनिक सकाळी मुलं पळवतोय का ते आधी शोध, बहुतेक तालुक्यांत असतो एखादा, आणि फुकट शिकवतो. अकॅडमी लागलीच तर दोन महिन्यांची, लेखीपुरती. वडिलांनी घोडी विकून फी भरली आणि तू मेडिकलला सपाट तळव्यावर बाद झालास तर घरात पुढची दहा वर्षं तेच ऐकावं लागेल. आधी जिल्हा रुग्णालयात जाऊन डोळे, कान, गुडघे, तळवे तपासून घे. खर्च नाममात्र, आणि कळेल तरी.

बारावी झाली एवढंच लिहिलंस, शाखा लिहिली नाहीस. रिमाउंटमध्ये जनावरांच्या शुश्रूषेची जी जागा निघते तिला बारावी विज्ञान, जीवशास्त्रासह लागतं. कला शाखा असेल तर जीडीचा, म्हणजे साध्या जवानाच्या जनरल ड्युटीचा, अर्ज आणि शेजारी पदवीला नाव, असं दोन्ही एकदम सुरू करावं लागेल. शाखा, गुण आणि जन्मतारीख कळव, म्हणजे पुढचं सांगतो.